वेल्श येत नसताना केल्टिकमध्ये एम.ए.? आधी वर्षभर भाषा, मग अर्ज

प्रश्न: मी पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. केलं आहे. सोबत भाषाशास्त्राचे दोन पेपरही झाले. आता वेल्श आणि केल्टिक भाषांत पदव्युत्तर शिक्षण घ्यावं असं मनात आहे. वेल्श येत नाही. अर्ज कुठे करू? खर्चाचं कसं जमवायचं? आणि हे शिकून पुढे काय?

उत्तर:

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण मधलं एक वाक्य सहज लिहून गेला आहात: 'वेल्श येत नाही.' मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीची तिन्ही उत्तरं त्यावर ठरतात.

अर्ज भरताना या वाक्यामुळे फारसं अडत नाही. मध्ययुगीन आणि तौलनिक केल्टिकचे, म्हणजे वेल्श, आयरिश वगैरे भाषांच्या कुळाचे, बरेच अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात, आणि संस्कृत व्याकरण पक्कं असलेला विद्यार्थी या विभागांना हवाच असतो. अडतं ते तिथे पोचल्यावर. ब्रिटनमधलं एम.ए. एका वर्षाचं. त्यातले शेवटचे तीन-चार महिने प्रबंधिकेत जातात, सुट्ट्या वजा केल्या की प्रत्यक्ष वर्ग भरतात ते सहा-सात महिने. तेवढ्यात नवी भाषा, तिचं सातशे वर्षांपूर्वीचं रूप, हस्तलिखितं वाचायची सवय आणि स्वतःचा विषय, हे सगळं शून्यापासून बसवायला गेलं की काहीच धड होत नाही. मी याच वाटेने गेले. पुण्यात संस्कृत, मग वेल्समध्ये एम.ए. आणि पीएच.डी., आणि आता अठरा वर्षं मध्ययुगीन वेल्श आणि जुनी आयरिश शिकवते आहे. दर वर्षी हुशार मुलं येतात. त्यांच्यातली जी घरून थोडी वेल्श किंवा आयरिश बोलायला शिकून आलेली असतात, ती दिवाळीच्या सुमाराला मजकूर वाचायला लागलेली असतात. बाकीची तेव्हाही कोशातच अडकलेली असतात. बुद्धी दोघांची सारखीच.

याचं कारण एका उदाहरणाने दाखवते. जुन्या आयरिशमध्ये, म्हणजे आठव्या-नवव्या शतकात, 'केन' म्हणजे डोकं. त्याच्या आधी येणारं 'अ' हे सर्वनाम 'त्याचं', 'तिचं' आणि 'त्यांचं' या तिन्ही अर्थांनी वापरतात. मग कळणार कसं? तर पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं त्यावरून. 'अ खेन' म्हणजे त्याचं डोकं, 'अ केन' म्हणजे तिचं, 'अ गेन' म्हणजे त्यांचं. हे आदिव्यंजनाचं बदलणं सहाही केल्टिक भाषांत आहे: वेल्श, कॉर्निश, ब्रेटन ही एक शाखा, आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स ही दुसरी. मराठीत आपण घोडा-घोड्याला असं शब्दाचं शेपूट बदलतो, या भाषा शब्दाचं तोंड बदलतात.

आता तुमचं संस्कृत काढा. 'त्याचं' म्हणजे अस्य, शेवटी स्वर. 'तिचं' म्हणजे अस्याः, शेवटी विसर्ग, म्हणजे मूळचा स. 'त्यांचं' म्हणजे एषाम्, शेवटी अनुनासिक. आयरिशमधली तिन्ही सर्वनामं याच घराण्यातली. स्वरानंतर आलेला क मऊ होऊन ख झाला, स ने त्याला बदलू दिलं नाही, अनुनासिकाने त्याला ग केलं. पुढे सर्वनामांची शेपटं झिजून तिन्हींचं नुसतं 'अ' उरलं, पण जाताना प्रत्येकाने शेजारच्या शब्दावर आपली खूण ठेवली. आपण संधी म्हणून जे पाठ केलं, तेच तिथे व्याकरण होऊन बसलं आहे. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी वर्गातून बाहेर पडून समुद्राकाठच्या बाकावर तासभर नुसती बसून राहिले होते.

पण नुसत्या संस्कृतने काम भागत नाही. जुन्या आयरिशचे लेखनिक 'अ केन' आणि 'अ गेन' सारखंच लिहीत, पानावर दोन्हीकडे क च. आजची आयरिश मात्र तिथे ग आणि क दोन्ही अक्षरं जोडून लिहिते. म्हणून जिच्या तोंडात आजची आयरिश बसली आहे, तिला जुनं पान वाचताना दोन्ही शक्यता आपोआप ऐकू येतात. जिला फक्त व्याकरणाचे तक्ते पाठ आहेत, ती प्रत्येक ओळीला थांबते. मध्ययुगीन वेल्शची गत तीच. आजच्या वेल्शमध्ये दोन द आहेत: एक आपला साधा, दुसरा जीभ दातांत धरून घासून काढलेला. दुसऱ्यासाठी आता अक्षर दोनदा लिहितात. चौदाव्या शतकातला लेखनिक बहुतेक वेळा एकदाच लिहितो. शब्द बदलला आहे की नाही हे पान सांगत नाही, ते कानाला ठाऊक असावं लागतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: अर्ज करण्याआधी एक वर्ष थांबा आणि एक जिवंत केल्टिक भाषा बोलायला शिका. वेल्सला जायचं असेल तर वेल्श, आयर्लंडला जायचं असेल तर आयरिश. दोन्हीच्या मागे एकदम लागू नका.

मराठी माणसाला वेल्श उच्चारांत जी सवलत मिळते ती इंग्रजांना मिळत नाही. वेल्शमध्ये 'पेन' म्हणजे डोकं, 'व म्हेन' म्हणजे माझं डोकं. 'ताद' म्हणजे वडील, 'व न्हाद' म्हणजे माझे वडील. 'काथ' म्हणजे मांजर, 'व ङ्हाथ' म्हणजे माझं मांजर. म्हैस आणि न्हावी म्हणणाऱ्याला पहिले दोन शिकवावे लागत नाहीत. आपला म्ह घोष आहे, त्यांचा अघोष, एवढाच फरक, आणि तो पंधरा दिवसांत जातो. ङ आपण बालवाडीत घोकला आणि पुढे शब्दाच्या सुरुवातीला कधी वापरला नाही, तो इथे कामी येतो. ऱ्हास म्हणता येत असेल तर ऱ्हीस हे नाव म्हणता येतं. आणि गावांच्या नावांत सगळीकडे दिसणारा तो प्रसिद्ध वेल्श ल: त्याला ळ समजून म्हणू नका, ही आपल्याकडची हमखास चूक. कोल्हापूर म्हणताना ल्ह पाशी थांबा, घशातला आवाज बंद करा आणि जिभेच्या कडेने नुसती हवा सोडा. झालं.

आदिव्यंजनं बदलतात म्हणून कोश बघायचा सराव मुद्दाम करावा लागतो. कार्डिफचं वेल्श नाव 'काइरदीद'. 'कार्डिफला' म्हणताना ते 'इ गाइरदीद' होतं, 'कार्डिफमध्ये' म्हणताना 'अङ् ङ्हाइरदीद', 'आणि कार्डिफ' म्हणताना 'आ खाइरदीद'. एकाच गावाची चार तोंडं, आणि नकाशात सापडणार एकच. रस्त्यावरच्या पाट्यांवर, बसच्या फलकावर रोज ही रूपं दिसतात, त्यामुळे तिथे राहून ती लवकर अंगवळणी पडतात. घरी बसून शिकताना त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवा.

शिकायचं कुठे? वेल्श शिकवण्यासाठी तिथे २०१६ पासून एक राष्ट्रीय केंद्र आहे. त्याचे ऑनलाइन वर्ग पातळीप्रमाणे असतात आणि स्वतःहून शिकण्याचं साहित्यही मिळतं. सुरुवातीलाच उत्तरेची वेल्श की दक्षिणेची, असं विचारतात. घाबरू नका, फरक वऱ्हाडी आणि कोकणी मराठीइतकाच आहे. दूध उत्तरेत 'ल्हेव्रिथ', दक्षिणेत 'ल्हाइथ'. 'आत्ता' हा शब्द दक्षिणेत 'नाउर' आणि उत्तरेत 'रूअन'. लिहिलेला बघितला तर एक दुसऱ्याचा उलटा. बँगोरला जायचं मनात असेल तर उत्तरेची घ्या, कार्डिफ-स्वॉन्झीला दक्षिणेची, अ‍ॅबरिस्टविथला दोन्ही चालतात. पैसे आणि व्हिसा जमला तर ल्हीन द्वीपकल्पावर नान्त ग्वर्थेर्न नावाचं निवासी केंद्र आहे. दगडाच्या खाणीमुळे वसलेलं आणि खाण बंद पडल्यावर ओस पडलेलं हे गाव लोकांनी भाषा शिकवण्यासाठी पुन्हा उभं केलं. वेल्श विद्यापीठीय महाकोश पूर्ण स्वरूपात ऑनलाइन आहे, फुकट. तो आजपासूनच वापरा. १९२० मध्ये नोंदपत्रं जमवायला सुरुवात झाली आणि पहिली आवृत्ती पुरी झाली २००२ मध्ये. डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशाच्या कपाटांमधून तुम्ही कधी फिरला असाल, तर अ‍ॅबरिस्टविथला ती नोंदपत्रं बघताना घरी आल्यासारखं वाटेल.

आता संस्कृतबद्दल एक सावधगिरी. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांचा पाय हमखास इथेच घसरतो. वेल्श 'ताद' आणि संस्कृत 'तात' ऐकले की जीव हरखतो. पण ही बाळबोली आहे. आई-बापाला असे शब्द जगभरची मुलं आपापले तयार करतात, त्यावर नातं सिद्ध होत नाही. उलट आयरिश 'अथिर' म्हणजे वडील, हा संस्कृत पितृचा सख्खा भाऊ, आणि तो दिसायला अजिबात तसा नाही. केल्टिक भाषांनी मूळचा प टाकून दिला. एकदा हा नियम कळला की पूर्णचं आयरिश 'लान' आणि वेल्श 'ल्हाउन' का झालं ते लगेच दिसतं. मग वेल्शमध्ये पाचाला 'पिम्प' कसं, त्यात तर दोन प आहेत, असं तुम्ही विचाराल. ते प नंतर आले, दुसऱ्याच एका ध्वनीपासून. जुन्या आयरिशमध्ये त्याच जागी 'कोइग', क ने सुरू होणारं. दिसण्यावर जाऊ नका, नियमितपणा बघा. अर्जासोबतच्या लेखात 'केल्टिक संस्कृतातून निघाली' असं एक जरी वाक्य आलं, तरी वाचणारा प्राध्यापक तिथे थांबतो. दोघी बहिणी आहेत, आई कुणाचीच कुणी नाही.

पण खऱ्या ठेव्याचा उपयोग जरूर करा, तो मोठा आहे. वेल्श दोन, तीन, चार यांना स्त्रीलिंगी रूपं आहेत: दुइ, ताइर, पेदाइर. संस्कृतात द्वे, तिस्रः, चतस्रः. युरोपातल्या आजच्या फार थोड्या भाषांनी हे चारपर्यंत जपलं आहे. जुन्या आयरिशमध्ये क्रियापद आणि त्याचा उपसर्ग यांच्यामध्ये सर्वनाम घुसतं. वेदातले उपसर्ग धातूपासून सुटून फिरतात हे तुम्हाला ठाऊक असल्यामुळे, जिथे इतर विद्यार्थी रडकुंडीला येतात तिथे तुम्ही शांत राहाल.

हा धागा पहिल्यांदा जाहीरपणे हातात धरणाऱ्यांपैकी एक, सर विल्यम जोन्स. त्यांचे वडील अँगल्सी बेटावरचे वेल्शभाषक. वर्तुळाच्या परीघ-व्यासाच्या गुणोत्तराला पाय हे चिन्ह १७०६ मध्ये या वडिलांनीच वापरलं. मुलाने १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं एकमूळ सांगताना केल्टिकही त्याच कुळातली असावी, असं म्हटलं. ते शास्त्र म्हणून उभं राहिलं १८५३ मध्ये, योहान कास्पर त्सॉइस या बव्हेरियन अभ्यासकाने जुन्या आयरिशसकट सगळ्या केल्टिक भाषांचं व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलं तेव्हा. त्याचा आधार होता आयरिश भिक्षूंनी युरोपभरच्या मठांत लॅटिन पोथ्यांच्या ओळींमध्ये आणि समासांत लिहून ठेवलेल्या टिपा. त्यानंतरचा मोठा माणूस व्हिटली स्टोक्स. डब्लिनचा वकील, १८६२ मध्ये भारतात आला, १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधी सदस्य. इथल्या कायद्यांच्या संहिता बांधायच्या आणि उरलेल्या वेळात जुने आयरिश मजकूर संपादित करायचे. त्यातले काही त्याने सिमला आणि कलकत्त्याला छापून घेतले.

याच काळात एक साम्य लक्षात आलं, आणि मराठी वाचकाला ते समजावून सांगावं लागत नाही. प्राचीन आयरिश कायद्यात बड्या माणसाकडून येणं वसूल करायचं असेल तर त्याच्या दारात उपाशी बसायचं. त्याला 'त्रोस्कद' म्हणत. घरमालकाने दाद दिली नाही तर त्याचेच कायदेशीर हक्क जात. आपण याला धरणं धरणं म्हणतो. हेन्री मेन यांनी १८७५ मध्ये ही जोडी मांडली. ती एका मूळ प्रथेतून आलेली की दोन समाजांत स्वतंत्र उगवलेली, यावर वाद आहे. धर्मशास्त्र मुळातून वाचता येणारं आणि जुनी आयरिश येणारं माणूस या वादात फार क्वचित उतरलं आहे. तुमचं धर्मशास्त्र चांगलं असेल तर हा विषय डोक्यात ठेवा.

अर्ज कुठे? तुम्हाला काय वाचायचं आहे त्यावर ते ठरतं, विद्यापीठाच्या नावावर नाही. मध्ययुगीन वेल्श साहित्य आणि हस्तलिखितं हवी असतील तर माझं पहिलं नाव अ‍ॅबरिस्टविथ. विद्यापीठ १८७२ चं. टेकडीवर राष्ट्रीय ग्रंथालय, त्याला लागूनच वेल्श आणि केल्टिकचं प्रगत संशोधन केंद्र, आणि तिथेच तो महाकोश. तेराव्या शतकातली कारमार्थेनची काळी पोथी आणि चौदाव्या शतकातली ऱ्हदर्खची पांढरी पोथी, दोन्ही त्या ग्रंथालयात. गाव लहान, दुकानात वेल्श ऐकू येते, राहणं मोठ्या शहरांपेक्षा स्वस्त. भाषा-तंत्रज्ञान किंवा द्विभाषिकतेचा अभ्यास हवा असेल तर बँगोर. आजूबाजूच्या ग्विनेद परगण्यात बहुसंख्य लोक वेल्श बोलतात. आधुनिक भाषा, धोरण, भाषांतर यासाठी कार्डिफ. २०२० मध्ये खुला झालेला सुमारे १ कोटी १० लाख शब्दांचा समकालीन वेल्शचा संग्रह तिथल्याच नेतृत्वाखाली झाला. एक लक्षात ठेवा: आधुनिक वेल्श साहित्याचं एम.ए. बहुतेक ठिकाणी वेल्शमधूनच असतं.

ऑक्सफर्डला केल्टिकचं अध्यासन १८७७ पासून आहे. केंब्रिजला अँग्लो-सॅक्सन आणि नॉर्सच्या जोडीने केल्टिक शिकवतात. दोन्हीकडे भर मध्ययुगावर. स्कॉटिश गेलिकसाठी ग्लासगो, एडिनबरा, किंवा भाषेतच राहून शिकायचं तर स्काय बेटावरचं गेलिक महाविद्यालय. ब्रेटनसाठी फ्रान्समधलं रेन किंवा ब्रेस्त, पण आधी फ्रेंच. जुनी आयरिश हेच ध्येय असेल तर ब्रिटनचा विचार बाजूला ठेवा आणि मेनूथ, डब्लिन, गॉलवे, कॉर्क बघा. डब्लिनची प्रगत अध्ययन संस्था १९४० पासून केल्टिकचं काम करते. ती पदवी देत नाही, पण या विषयातली निम्मी पुस्तकं तिचीच हातात येतात. अमेरिकेत हार्वर्डला स्वतंत्र विभाग आहे, तिथे थेट पीएच.डी.ला जातात, आणि जागा फार थोड्या.

या सगळ्या विभागांत शिकवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. ब्रिटिश विद्यापीठांमध्ये सध्या पैशाची ओढाताण आहे, अभ्यासक्रम बंद होतात, माणसं निवृत्त झाली की जागा रिकाम्या राहतात. म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका. ज्यांच्याकडे शिकायचं आहे त्यांना पत्र लिहून पुढच्या वर्षी जुनी आयरिश किंवा मध्ययुगीन वेल्श नक्की कोण शिकवणार आहे, हे विचारा. माझ्याच ओळखीतली एक मुलगी एका विद्यापीठात दाखल झाली आणि ज्या अभ्यासपत्रिकेसाठी गेली होती ती त्या वर्षी चाललीच नाही. घरचे सगळे पैसे लागलेले. तो अनुभव कुणाच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पैशांचं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याचं शुल्क स्थानिकांच्या साधारण दुप्पट असतं. ऑक्सफर्डसाठी भारतीय विद्यार्थ्यांना फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. आयर्लंड सरकार दरवर्षी ६० परदेशी विद्यार्थ्यांना १०,००० युरो आणि शुल्कमाफी देतं. आयरिश भाषेसाठी अर्ज करणारा भारतीय तिथे उठून दिसतो, हे मी निवडीच्या कागदांवरून सांगू शकते. वेल्शमधून उच्च शिक्षण वाढवण्यासाठी २०११ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय वेल्श महाविद्यालय वेल्शमधून पीएच.डी. करणाऱ्यांना पाठबळ देतं. पुन्हा तेच: भाषा आली की दार उघडतं. इंग्रजीची परीक्षा मात्र बहुतेक ठिकाणी द्यावी लागते.

पुढे काय, याचं उत्तर मी गोड करून देणार नाही. प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत, जगभर मिळून वर्षाला मोजक्याच निघतात. पण वेल्शपुरती एक गोष्ट वेगळी आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ५,३८,३००, म्हणजे १७.८ टक्के, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. सरकारने २०५० पर्यंत दहा लाखांचं उद्दिष्ट ठेवलं आहे, आणि २०११ च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा मिळाल्यापासून सरकारी कार्यालयांना वेल्शमध्ये सेवा द्यावी लागते. त्यामुळे भाषांतरकार, दुभाषे, शिक्षक आणि भाषा-तंत्रज्ञानातली माणसं तिथे कमी पडतात. वेल्श उत्तम येणाऱ्या भारतीयाला तिथे काम मिळू शकतं, फक्त व्हिसाच्या अटी त्या त्या वर्षी तपासा. आयरिशचं गणित निराळं. ती २००७ पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे आणि भाषांतराच्या जागा आहेत, पण कायम नोकरीसाठी संघातलं नागरिकत्व लागतं.

पीएच.डी.चा विचार करत असाल तर एक विषय तुमच्यासारख्यांची वाट बघत पडून आहे, आणि याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. १८४१ मध्ये टॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी चेरापुंजीला पोचला. खासी भाषा त्याने रोमन लिपीत लिहायला घेतली, आणि वर्णलेखनासाठी नमुना घेतला तो आपल्या मातृभाषेचा. आजची खासी वर्णमाला त्या निवडीवर उभी आहे. खासी लोकांचं 'री खासी' हे गाणं वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर म्हणतात. त्या राष्ट्रगीताचं नाव 'हेन व्लाद व न्हादाइ', माझ्या पूर्वजांची जुनी भूमी. वर सांगितलेला 'व न्हाद' इथे भेटतो. खासी टेकड्या, सिल्हेट, मिझोराम इथून शंभर वर्षांहून अधिक काळ पत्रं, अहवाल, रोजनिशा वेल्समध्ये जात राहिल्या. त्यांचा मोठा साठा आज अ‍ॅबरिस्टविथच्या ग्रंथालयात आहे, आणि त्यातला बराच भाग वेल्शमध्ये. ईशान्य भारतावर लिहिणारे आपले बहुतेक अभ्यासक त्यातलं फक्त इंग्रजी वाचतात, कारण वेल्श येत नाही. वेल्श अभ्यासकांना खासी येत नाही. मिशनरी वरिष्ठांना इंग्रजीत जे कळवत आणि घरच्या मासिकाला वेल्शमध्ये जे लिहीत, त्या दोन आवाजांतलं अंतर मी काही पत्रांत पाहिलं आहे. इंग्रजीत आकडे आणि शाळा. वेल्शमध्ये पाऊस, एकटेपणा आणि शेजारच्या म्हातारीने शिकवलेले खासी शब्द. भारतातल्या मुलीने वेल्श शिकून हे वाचावं, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

आणि परत यायचं असेल तरी शिक्षण वाया जात नाही. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद भागात निहाली बोलली जाते. तिचं जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही आणि बोलणारे थोडे उरले आहेत. लहान मुलांना भाषा परत कशी द्यायची, शाळा, घर आणि दुकान यांतलं कुठलं आधी धरायचं, याचा साठ-सत्तर वर्षांचा अनुभव, चुकांसकट, वेल्सकडे आहे.

अर्जाबद्दल थोडकं. उद्देशपत्रात आर्थर राजा, ड्रुइड, परीकथा यांच्यावरचं प्रेम लिहू नका, ते सगळेच लिहितात. एक ओळ घ्या. मध्ययुगीन वेल्श शिकणारे बहुधा ज्या कथेपासून सुरुवात करतात, तिच्या पहिल्याच वाक्यात नायक दवेदच्या 'सइथ कान्त्रेव'चा स्वामी आहे. 'सइथ' म्हणजे सात. 'कान्त' म्हणजे शंभर, शतम् शी जुळणारा. 'त्रेव' म्हणजे वस्ती. शंभर वस्त्यांचा परगणा, असे सात. एवढ्याच दोन शब्दांवर, त्यांचं स्पेलिंग, ध्वनी आणि अर्थ यांवर, स्वतः कोश उघडून एक पान लिहा. ते पान सोबत जोडा. शेवटच्या परिच्छेदात चार वाक्यं वेल्शमध्ये लिहा: कोण आहे, कुठून आहे, किती महिने शिकते आहे, काय वाचायचं आहे. चुका राहिल्या तरी चालतील, दुसऱ्याकडून तपासून घेऊ नका, कारण मुलाखतीत तेच बोलावं लागतं.

बहुतेक ठिकाणी शिष्यवृत्तीच्या मुदती प्रवेशाच्या मुदतीच्या बऱ्याच आधी संपतात, काहींच्या तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच. आता सुरुवात केलीत तर वर्षभराने, तुमची चार वाक्यं तयार असतील तेव्हाच, त्या समोर येतील. तोवर रोज अर्धा तास. पहिल्या महिन्यात फक्त उच्चार आणि 'व म्हेन, व न्हाद, व ङ्हाथ'.